शेजारघरचा पाळणा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सव समितीने 'ख्रिस्ती कुटुंब' हा विषय आम्हांस नेमून दिला आणि सोबत वेळेची मर्यादाही घालून दिली. विषय समुद्राएवढा आणि वेळ ओंजळभर. यास्तव त्यातील एकच कोपरा उचलण्याची परवानगी आम्ही आपणांपाशी मागतो. आज सकाळी या मंडपात वयोवृद्ध दांपत्यांचा सत्कार झाला. कोणाची सहा मुले, कोणाची आठ. नातवंडे मोजता मोजता निवेदकाची त्रेधा उडाली. टाळ्या मनापासून पडल्या व त्या पडावयासच हव्या होत्या. ज्या माउल्यांनी पहाटे उठून बावखलाचे पाणी वाडीला पाजले, भाजीची टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठला आणि हे सर्व करीत असता आठ-आठ लेकरे वाढविली, त्यांच्या कष्टांची भरपाई एका शालीने होणारी नाही.

परंतु त्याच वेळी मंडपाच्या मागच्या बाजूस काही जोडपी बसली होती. लग्नास आठ वर्षे झालेली, बारा वर्षे झालेली, काही केस पिकलेलीही. त्यांस मूल नाही. त्यांच्याविषयी या महोत्सवी अंकात एक ओळ यावयाची नाही, कारण त्यांचे नाव बाप्तिस्म्याच्या वहीत आईबापांच्या रकान्यात कधी लागलेच नाही. त्यांच्याविषयी, किंवा खरे म्हणजे त्यांच्याशी आपण सर्व जण कसे वागतो त्याविषयी, आम्ही बोलणार आहोत. सणाच्या दिवशी हा विषय कशास, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर इतकेच की, या विषयाचे बोलणे सणाच्याच दिवशी अधिक होते; मात्र ते व्यासपीठावर न होता मंडपाच्या बाहेर, पानसुपारीच्या वेळी होते.

लग्नास वर्ष होते न होते तोच प्रश्न सुरू होतो. प्रथम तो हसत येतो : "काय, काही विशेष?" पुढे जरा धिटाईने : "गोड बातमी कधी देणार?" तीन वर्षे लोटली म्हणजे तो सासूपाशी जातो, सुनेच्या देखत आणि सुनेस वगळून : "पाळणा कधी हलणार हो तुमच्याकडे?" पाच वर्षांनंतर प्रश्न थांबतो आणि त्याच्या जागी सल्ला येतो, कोणी वैद्याचे नाव सांगतो, कोणी नवेना सांगतो. दहा वर्षांनंतर सल्लाही थांबतो, आणि मग जे सुरू होते ते तोंडावर बोलले जात नाही.

बरे, मूल झाले म्हणजे पंचायत संपते असेही नाही. एक झाले तर, "एकटे पोर हट्टी होते, दुसऱ्याचे मनावर घ्या." दोन मुली झाल्या तर, "एक मुलगा असता म्हणजे झाले असते." दोन मुलगे झाले तर म्हातारपणी पाणी द्यावयास मुलगी नाही. आणि चौथे झाले तर तीच शेजारीण, जिने पहिल्याच्या वेळी नवेना सांगितली होती ती, तोंडाला पदर लावून म्हणते, "यांना काही कळते की नाही? या महागाईत!" शेजारणीच्या मनात मुलांची नेमकी कोणती संख्या बसते, याचा आम्ही पुष्कळ दिवस शोध केला; ती आम्हांस अद्याप सापडली नाही.

विवाहेच्छू तरुण-तरुणींच्या शिबिरांत आम्ही काही वर्षे काम करीत आलो आहोत, आणि त्या निमित्ताने पुढेही या जोडप्यांशी बोलणे होते. त्यावरून सांगतो. मूल नसलेली चार घरे शेजारी शेजारी घ्या. पहिल्या घरात मूल हवे आहे, परंतु होत नाही. सहा वर्षे औषधोपचार चालू आहेत, दागिने गहाण पडले आहेत. दुसऱ्या घरात मूल राहिले होते. दोनदा राहिले आणि दोनदा गेले, आणि ही गोष्ट त्या दोघांवाचून कोणास ठाऊक नाही. तिसऱ्या घरात त्यांनी थांबावयाचे ठरविले आहे. आईबाप अंथरुणाला खिळलेले, भावाचे शिक्षण व्हावयाचे, आणि विरारची गाडी पकडून दोघे सकाळी सातला जातात ते रात्री नवाला परततात. चौथ्या घरात त्यांनी विचारपूर्वक ठरविले आहे की आपणांस मूल नको. या चारही घरांची दारे बाहेरून सारखीच दिसतात. चारही दारांशी आपण तोच प्रश्न नेऊन ठेवतो, आणि चारही घरांविषयी ओट्यावर तोच निवाडा देतो. ज्याला न्याय करावयाचा असेल त्याने आधी खटला तरी ओळखावा. आपणांस खटलाच ठाऊक नसतो.

या निवाड्याचा बोजा सारखा वाटला जात नाही, हेही पाहण्याजोगे आहे. आपल्या मराठी भाषेत 'वांझ' हा शब्द स्त्रीसाठी आहे, जमिनीसाठी आहे, गाईसाठी आहे. पुरुषासाठी त्या धारेचा शब्द नाही. पुरुष फार तर 'निपुत्रिक' होतो, आणि त्या शब्दात दोषापेक्षा दयाच अधिक वाजते. निष्फळ चर्चेला आपण 'वांझोटी' म्हणतो, तेही बायकांचेच उसने घेऊन. वस्तुस्थिती अशी की, मूल न होण्याचे कारण सुमारे निम्म्या जोडप्यांत पूर्णतः अथवा अंशतः पुरुषाकडे असते. आणि कित्येकदा दोघांचीही तपासणी होऊन कारण म्हणून काही सापडतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे सहा प्रौढ माणसांमागे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. हे प्रमाण ध्यानी धरून पुढच्या आयतवारी मिस्सेच्या वेळी आपल्या बाकावरून आपण मागेपुढे पाहावे. तरीही आपल्याकडे पहिली तपासणी सुनेची होते, आणि पुष्कळ घरांत ती शेवटचीही असते. मुलास तपासावयास नेणे हा त्याच्या पौरुषाचा अपमान समजला जातो.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. हन्नेची कथा आपणां सर्वांस पाठ आहे. एलकानाच्या दोन बायका; पनिन्नेला मुले होती, हन्नेला नव्हती, आणि दरवर्षी शिलो येथील यात्रेच्या वेळी पनिन्ना तिला टोचून बोले. पाहा, येथेही सणाचाच दिवस! हन्ना जेवण टाकून मंदिरात गेली आणि ओठ हलवीत, आवाज न काढता प्रार्थना करू लागली. दाराशी एली याजक बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिले आणि ही बाई दारू पिऊन आली आहे असे ठरवून तिला दटावले. हन्नेने शांतपणे उत्तर दिले, आणि एली सज्जन असल्यामुळे त्याने लागलीच आपला शब्द फिरवून तिला आशीर्वाद दिला. या कथेवर प्रवचने पुष्कळ होतात, ती बहुधा हन्नेच्या श्रद्धेवर व पुढे जन्मलेल्या शमुवेलावर. आम्हांस दोन किरकोळ गोष्टी अधिक विचारात टाकतात. एक ही की, हन्नेच्या दुःखाला दारूची नशा समजणारा मनुष्य कोणी टवाळ नव्हता, मंदिराचा याजक होता. आणि दुसरी ही की, त्या एलीला स्वतःचे दोन पुत्र होते, व अर्पणाचे मांस लुबाडून त्यांनी त्याच मंदिराची अप्रतिष्ठा केली होती. पुत्रवंताच्या घरावर देवाची कृपा आणि निपुत्रिकाच्या घरावर अवकृपा, हा हिशेब शास्त्रातील त्याच पानावर चुकलेला आहे.

देवमातेच्या आईबापांची, संत योआकिम व संत आन्ना यांची, गोष्ट शुभवर्तमानांत नाही. दुसऱ्या शतकातील एका प्राचीन ग्रंथातून ती परंपरेने आपणांकडे आली आहे. त्या कथेप्रमाणे योआकिम मंदिरात अर्पण घेऊन जात असता, 'तुला संतान नाही, तू पुढे होऊ नकोस' म्हणून त्याला अडविण्यात आले, आणि तो धनवान मनुष्य लाजेने घरी न जाता रानात जाऊन राहिला. २६ जुलैला आपण त्यांचा सण पाळतो व आजी-आजोबांचे आशीर्वाद घेतो. देवळात ज्याचे अर्पण नाकारले गेले तो हाच योआकिम, हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानी येत नाही. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाची बाळे विकावयास असतात. ती हातात घेऊन पायऱ्या चढणाऱ्या स्त्रिया आपण पाहिल्या आहेत, त्यांत ख्रिस्ती जितक्या तितक्याच अन्यधर्मीय. त्यांच्या श्रद्धेस आमचा नमस्कार असो. परंतु या सर्व कथांचा शेवट पाळणा हलून होतो, ही अडचण आहे. ज्या बहिणीने वीस वर्षे नवेना केल्या व जिचा पाळणा हलला नाही, तिला आपण हन्नेची गोष्ट सांगतो तेव्हा तिच्या कानी काय पडते? 'हन्नेची श्रद्धा होती. तुझी कमी पडली.' असे कोणी मुद्दाम म्हणत नाही. पण तिच्यापर्यंत ते तसेच पोहोचते.

आता जुन्या काळाची गोष्ट निघते. 'आमच्या वेळी असले विचार नव्हते. देव देई तितकी घेत होतो.' हे वाक्य आदराने ऐकून घ्यावे. परंतु त्यासोबत धर्मग्रामाच्या दोन वह्या उघडून पाहाव्या. जुन्या धर्मग्रामांत बाप्तिस्म्याच्या वहीशेजारी दफनाची वही असते. भारतात १९५१ च्या सुमारास जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १४६ मुले वर्षाची होण्याआधी जात. २०२० साली हा आकडा २८ वर आला. आजीची आठ मुले म्हणून आपण मोजतो ती जगलेली आठ. आजी स्वतः मोजू लागली म्हणजे दहा-अकरा निघत, आणि वरची दोन-तीन नावे घेताना तिचा आवाज उतरे. वाडीस हात लागत, विहिरीवर हात लागत. मूल सात वर्षांचे झाले की ते घराच्या कामास येई. आज मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकवावे लागते. दोन्ही पिढ्यांनी आपापल्या परिस्थितीत जे करता येण्याजोगे होते ते केले.

आणि समाजाचा निवाडा तरी किती वेळा उलटला! महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव हे मुंबईस एका ख्रिस्ती मिशनच्या महाविद्यालयात गणित शिकवीत. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले, आणि स्वतः त्यांनी व मालतीबाईंनी मूल होऊ न देण्याचे ठरवून तसे आयुष्य काढले. प्राध्यापकाची जागा गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी दंड चुकला नाही. रघुनाथरावांची पुष्कळ मते आम्हांस मान्य नाहीत, आणि धर्माविषयी ते जे लिहीत ते या मंडपात वाचून दाखविता येणार नाही. परंतु ते जे म्हणत त्यातील मुख्य भाग भारत सरकारने १९५२ साली राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून हाती घेतला. १९५३ साली रघुनाथराव वारले. म्हणजे ज्या विचारापायी एका गृहस्थाची उपजीविका गेली, तोच विचार त्याच्या डोळ्यांदेखत सरकारी झाला.

पुढे तर काटा दुसऱ्या टोकास गेला. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर उमटला. 'हम दो, हमारे दो' शाळेतल्या मुलांच्या तोंडी बसले, आणि ज्या घरात पाच मुले त्या घरास लोक मागासलेले म्हणू लागले. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांपैकी किती स्वखुशीच्या होत्या हे ज्यांनी तो काळ पाहिला ते जाणतात. आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली तीन अपत्यांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. २००५ साली राज्याच्या नोकरीसाठी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र आले. आणि २०२१ साली केरळातील पाला धर्मप्रांताने २००० सालानंतर विवाह झालेल्या व पाच किंवा अधिक मुले असलेल्या आपल्या कुटुंबांस महिना दीड हजार रुपये साहाय्य जाहीर केले. एकाच माणसाच्या आयुष्यात, एकाच देशात, पाच मुलांच्या आईस एकदा शिक्षेचा धाक आणि एकदा बक्षीस! ज्या बाईने हे दोन्ही पाहिले तिला आपण कोणत्या तोंडाने सांगावे की समाजाचे मत प्रमाण मानून चाल?

आकडे पाहावयाचे तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी २.९ मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत १.७. देशातील ख्रिस्ती समाजाची सरासरी त्या शेवटच्या पाहणीत १.९ च्या आसपास होती. लोकसंख्या आहे तेवढी राहावयास २.१ लागतात असे मानतात. आपली शाळा ओस पडेल, गुरुमठास उमेदवार मिळणार नाहीत, आपली वाडी दुसऱ्याच्या हाती जाईल, ही वडीलधाऱ्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. ती खरी आहे व तिच्यात प्रेम आहे. मात्र ही भीती एका विशिष्ट सुनेच्या पुढ्यात, तिच्याच घरी, तिच्याच स्वयंपाकघरात नेऊन ठेवणे हा तिच्यावरील उपाय होऊ शकत नाही. सरासरी साऱ्या राज्याची असते. तिचा जाब एकट्या बाईने द्यावयाचा नसतो.

ख्रिस्तसभा याविषयी काय म्हणते ते आता सांगतो, कारण ओट्यावरील प्रत्येक निवाडा ख्रिस्तसभेच्या नावाने दिला जातो. तिची शिकवण आम्ही सौम्य करून सांगणार नाही. विवाह आणि अपत्य यांस ती एकमेकांपासून तोडीत नाही. वेदीसमोर वधूवरांस, देवाने दिलेली मुले प्रेमाने स्वीकाराल काय, असा प्रश्न असतो, आणि विवाहाच्या वेळीच मनाशी अपत्यास कायमचे दार बंद करून घेणाऱ्याचा विवाह ती सिद्ध मानीत नाही. साधनांविषयीचा तिचा निर्णय १९६८ च्या परिपत्रकात आहे व तो आपणांस ठाऊक आहे. परंतु ही एक बाजू झाली. वधूवर उतारवयाचे असल्यास तोच प्रश्न वगळण्याची मुभा विधीतच आहे. १९८३ च्या धर्मकायद्यात स्पष्ट म्हटले आहे की वंध्यत्वाने विवाहास बाधा येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली सांगितले की, मुले झाली नाहीत तरी विवाहाचे मोल व त्याचे अभंगत्व कायम राहते. आणि मुलांची संख्या ठरविण्याविषयी तीच महासभा म्हणते की, आपली, झालेल्या व होणाऱ्या मुलांची, काळाची आणि परिस्थितीची स्थिती पाहून हा निर्णय शेवटी पतिपत्नींनी स्वतः देवासमोर घ्यावयाचा असतो. त्यांनी शिकवण ऐकावी, विवेक जागा ठेवावा, हे त्यात आहेच. परंतु निर्णय करणाऱ्यांच्या यादीत शेजारी नाही, आत्या नाही, आणि सोडलिटीची अध्यक्षीणबाईही नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे दोन उद्गार या ओघात आठवतात. जानेवारी २०१५ मध्ये फिलिपिन्सहून परतताना विमानात ते म्हणाले की, चांगला कॅथलिक होण्यासाठी सशांसारखी पिलावळ वाढविली पाहिजे असे नाही. झाले! मोठ्या कुटुंबांवर मारावयास लोकांस दगड मिळाला. तीनच दिवसांत त्यांस मोठ्या कुटुंबांविषयी कौतुकाचे शब्द बोलावे लागले. पुढे जानेवारी २०२२ मध्ये, मुलांऐवजी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांत एक प्रकारचा स्वार्थ आहे असे ते बोलले. आणि आता दगड दुसऱ्या बाजूस उडू लागले. त्याच भाषणात त्यांनी दत्तकविधी सुलभ करण्याची विनंती केली होती, ती मात्र आम्हांस ओट्यावर ऐकू आली नाही.

स्वार्थाचा आरोप गंभीर आहे व तो टाळून पुढे जाता येत नाही. चौथ्या घरातील जोडप्याकडे, म्हणजे ज्यांनी मूल नको असे ठरविले त्यांच्याकडे, आपण त्याच दृष्टीने पाहतो. त्यांच्यात स्वार्थी माणसे असतील. नाहीत असे आम्ही म्हणत नाही. केवळ सुखसोयींसाठी घर रिकामे ठेवावयाचे, हा विचार आम्हांसही रुचत नाही, आणि तरुणांनी विचारले तर आम्ही तसे त्यांच्या तोंडावर सांगतो. परंतु मूल असणे हा निःस्वार्थाचा दाखला म्हणावा, तर आपल्या कारणांची यादीही करून पाहावी. म्हातारपणची काठी हवी म्हणून मूल. जमिनीला वारस हवा म्हणून. नाव चालावे म्हणून. आणि, बोलू नये परंतु बोलतो, लोक काय म्हणतील म्हणून. या शेवटल्या कारणाने जन्मलेली मुले आपल्या प्रत्येक पाखाडीत आहेत. दुसरीकडे, आपल्या घराण्यातील दुखणे पुढच्या जिवास लागेल या भीतीने थांबलेले जोडपे आम्ही पाहिले आहे. लहानपणी बापाच्या दारूचा मार खाल्लेला आणि आपल्या हातून तसेच होईल या धास्तीने बाप होण्यास कचरणारा तरुण पाहिला आहे. त्यांचा निर्णय बरोबर की चूक, हे त्यांनी त्यांच्या धर्मगुरूंशी बोलावे. स्वार्थी हा शब्द त्या तरुणास लावावयास आमची जीभ उचलत नाही.

दत्तकाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण 'मग दत्तक का घेत नाहीत?' हे आपण फार सहज म्हणतो. हिंदूंसाठी दत्तकाचा कायदा १९५६ साली झाला. ख्रिस्ती जोडप्यास मात्र कित्येक वर्षे १८९० च्या कायद्याखाली केवळ पालक नेमून घेता येत असे. मूल सज्ञान झाले की ते पालकत्व संपे, आणि पोटच्या मुलाचे हक्क त्यास आपोआप मिळत नसत. २००० च्या बालन्याय कायद्याने व त्यातील २००६ च्या दुरुस्तीने सर्व धर्मीयांस हा मार्ग खुला झाला, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला. म्हणजे आज साठी-सत्तरीत असलेल्या ज्या निपुत्रिक जोडप्यांस आपण तरुणपणी हा टोला मारीत होतो, त्यांस दत्तकाचा पुरता अधिकार त्या वेळी सरळ कायद्याने उपलब्धच नव्हता. आजही अर्ज केलेल्या जोडप्यांस वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. अर्जदार पुष्कळ आहेत आणि कायद्याने मोकळी झालेली मुले थोडी. आणि मूल घरी आले म्हणजे 'खरी आई कोण हो हिची?' असे त्या मुलीच्या देखत विचारणारेही आपल्यातलेच.

संत पौलाचे सोबती अक्विला व प्रिस्किल्ला हे दांपत्य आम्हांस फार प्रिय आहे. तंबू शिवण्याचा त्यांचा धंदा. रोममधून हाकलले गेले तेव्हा करिंथास आले, तेथे पौल त्यांच्या घरी राहून त्यांच्यासोबत काम करू लागला. पुढे इफिसास व पुन्हा रोमेत, जेथे त्यांचे घर तेथे त्यांच्या घरी ख्रिस्तसभा भरे. अपुल्लोसासारख्या वक्त्यास त्यांनी घरी नेऊन शिकविले. नव्या करारात त्यांचे नाव सहा वेळा येते आणि मुलाबाळांचा उल्लेख एकदाही येत नाही. त्यांस मुले होती की नव्हती, हे सांगण्याची गरज कोणासही वाटली नाही. आपल्या धर्मग्रामातही धर्मशिक्षणाचे वर्ग कोण चालविते, रुग्णालयात परक्याच्या उशाशी रात्री कोण बसते, सहा-सहा मुलांस धर्मपिता-धर्ममाता म्हणून कोण उभे राहिले आहे, हे मोजू गेल्यास मागच्या बाजूस बसलेली ही जोडपी पुष्कळ वेळा पुढे येतील. ती तशी कामे करतात म्हणूनच त्यांस मान द्यावा, असे मात्र आमचे म्हणणे नाही. भरपाई म्हणून सेवा करावयास त्यांनी कोणाचे कर्ज काढलेले नाही.

आता समितीपुढे काही विनंत्या मांडतो, त्या लहान आहेत व उद्यापासून अमलात येण्याजोग्या आहेत. मातृदिनी मिस्सेच्या अखेरीस सर्व मातांस उभे राहण्यास सांगून गुलाब देण्याची चाल पडली आहे. त्या क्षणी कोण बसून राहिले हे सारे देऊळ पाहते; आणि आम्हांस ठाऊक आहे की काही भगिनी त्या आयतवारी दुसऱ्या गावी मिस्सेस जातात. गुलाब दाराशी ठेवावे व येणाऱ्या प्रत्येक स्त्रीस द्यावे. तिला आई असतेच. लघु ख्रिस्ती समूहाच्या घरभेटीच्या तक्त्यात 'अपत्ये किती' हा रकाना मोठ्याने वाचून भरू नये. ज्यांची गणना हवी त्यांची बाप्तिस्म्याच्या वहीत आहे. विवाहपूर्व शिबिरात वंध्यत्वाविषयी एक तास डॉक्टरांचा असावा, आणि त्यास मुलांनी व मुलींनी एकत्र बसावे. आणि ज्यांचे मूल जन्माआधी गेले त्यांच्यासाठी, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, एक मेणबत्ती वेगळी लावावी. नावे वाचू नयेत. ज्याची त्यास कळेल.

विवाहाच्या पन्नासाव्या वर्षाचा सत्कार पुढील वर्षी जेव्हा होईल, तेव्हा निवेदकाने वर्षे वाचावी, नातवंडांची संख्या वाचू नये, अशीही एक सूचना आमच्या कागदावर होती. तीवर मतभेद होतील हे आम्ही जाणतो; समितीने तिचा विचार सवडीने करावा.

वेळ संपल्याची खूण अध्यक्षांनी दोनदा केली आहे आणि मागील बाजूस पाने मांडून झाली आहेत.